‘फ्रेशर आहे’ म्हणून फोन येत नाही? मुंबईत पहिली नोकरी शोधण्याची रीत

अकरा वर्षं मी अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिसात भरतीचं काम केलं. बॅक ऑफिस, अकाउंट्स, कस्टमर केअर अशा वीस-बावीस हजारांच्या जागा. विद्यापीठाचे निकाल लागले की आमचा इनबॉक्स तुंबायचा. एका जागेला चार-पाचशे बायोडेटा, आणि ते बघायला माझ्याकडे जेवणानंतरचा एक तास.

फोन का येत नाही, असं विचारलं की मुलं सांगतात, ‘अनुभव नाही ना.’ जाहिरातीत वर ‘फ्रेशर चालेल’ आणि खाली ‘सहा महिने ते एक वर्ष अनुभव’ असं लिहिणाऱ्या कंपन्या आहेतच. तशा जाहिराती मीही लिहिल्या आहेत, तेव्हा आधी माफी मागते. पण त्या ओळीमागे काय असतं ते सांगते. नवीन पोरगा घेतला, दोन आठवडे शेजारी बसवून शिकवलं, आणि एकविसाव्या दिवशी त्याने फोन उचलणंच बंद केलं. हे इतक्यांदा होतं की शेवटी साहेब वैतागून म्हणतात, ‘कुठेतरी सहा महिने टिकलेला आण.’ म्हणजे या पातळीच्या जागांना कामाचा अनुभव कमी आणि टिकल्याचा पुरावा जास्त हवा असतो. हा मुलगा रोज येईल, फोन उचलेल, दिलेलं काम पुरं करेल, एवढी खात्री पटली की निम्मं काम झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या खात्रीसाठीच आहेत.

पायरी १: कागद आधी, अर्ज नंतर

सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, फोटो. सगळं स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलला नीट नाव द्या. ‘डॉक-स्कॅन-००४७’ नावाची फाइल मला कुणाची ते कसं कळणार? शेवटच्या सत्राचा निकाल यायचा असेल तर बायोडेटात सरळ ‘निकाल प्रतीक्षेत’ लिहा. एटीकेटी (राहिलेला विषय) असेल तर लपवू नका. पडताळणीत ती निघतेच, आणि मग एटीकेटीपेक्षा लपवल्याचाच जास्त त्रास होतो.

नावाची भानगड मात्र आजच तपासा. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव येतं. आधारवर क्रम वेगळा, पॅनवर कधी वडिलांचं नाव गायब. क्रम वेगळा असला तर चालून जातं, स्पेलिंग वेगळं असलं तर नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ क्रमांक, आधारला जोडलेला असतो. तिथे ‘विद्या’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी पहिल्या महिन्यापासून घोळ सुरू होतो. निकालाची वाट बघताना हातात वेळ असतो, तेवढ्यात आधार केंद्रावर जाऊन या.

पायरी २: रेल्वेचा नकाशा समोर घ्या

हे मी इतकं वर का ठेवते, ते मुंबईबाहेरच्या माणसाला कळणार नाही. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. विरारचा मुलगा नरिमन पॉइंटच्या वीस हजारांच्या नोकरीसाठी मुलाखतीला आला की भरती करणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, हा किती दिवस करेल? तो प्रश्न तुम्ही आधीच स्वतःला विचारा.

घरापासून एका गाडीत, फार तर एकदा बदलून, सव्वा ते दीड तासात पोचता येतील अशी तीन-चार ठिकाणं ठरवा. डोंबिवली-कल्याणच्या मुलांना वांद्रे-कुर्ला संकुलाचं (बीकेसी) आकर्षण असतं. पण ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, घणसोली, महापे गाठता येतं, आणि तिथे बॅक ऑफिस आणि आयटीची भरपूर ऑफिसं आहेत. वागळे इस्टेट तर ठाण्यातच. बोरिवली-विरार पट्ट्याला मालाडचं माइंडस्पेस, गोरेगावचं नेस्को. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, वाटेत सीप्झ आणि बीकेसी लागतं. मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला भेटते, त्यामुळे घाटकोपर-विक्रोळीच्या मुलांना सीप्झ पूर्वीइतकं आडवळणाचं राहिलेलं नाही.

आता कुणी फारशी सांगत नाही अशी दारं. सगळे बी.कॉम. बँकेकडे धावतात, पण ही मुंबई बंदराची आहे. न्हावा शेवाचं जेएनपीए १९८९ पासून चालू आहे. तिथला माल सोडवणाऱ्या कस्टम्स ब्रोकर आणि फ्रेट फॉरवर्डर कंपन्यांची ऑफिसं फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, बेलापूर, नेरूळ अशी पसरलेली आहेत. त्यांना ‘डॉक्युमेंटेशन’ला पोरं लागतात: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद) जुळवणं. काम चिकाटीचं आहे, पण दोन वर्षांत हातात धंदा येतो. भिवंडीची गोदामं हे दुसरं दार. तिथे फक्त हमाली चालते असं समजू नका. स्टॉकचा एमआयएस (साहेबांना द्यायचा अहवाल), डिस्पॅचची नोंद, रिटर्नचा हिशेब सगळं संगणकावर चालतं. तिसरं, हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिणारी छोटी ऑफिसं. मुंबईत सोसायट्यांना तोटा नाही, आणि मेंटेनन्सची बिलं दर महिन्याला किंवा तिमाहीला निघायचीच. चौथं, मोठ्या इस्पितळांतला टीपीए डेस्क, म्हणजे मेडिक्लेमचे कागद बघणारं टेबल.

आणि सीएंची ऑफिसं. दादर, पार्ले, बोरिवली, मुलुंड, जिथे बघाल तिथे पाटी दिसते. आयकर विवरणाची नेहमीची मुदत ३१ जुलै, ऑडिटची ३० सप्टेंबर. म्हणजे तुमचा निकाल लागतो त्याच सुमारास त्यांची लगबग सुरू असते. यांच्या जागा पोर्टलवर फारशा येत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, बायोडेटा घेऊन सकाळी अकराला सरळ जिना चढा.

पायरी ३: एक पानी बायोडेटा, आणि त्यात एक खरी ओळ

माझ्या भाचीचा बायोडेटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात ‘हार्ड वर्किंग’, ‘टीम प्लेअर’, ‘क्विक लर्नर’ आणि छंदांत ‘वाचन, संगीत ऐकणे’ होतं. चारशेपैकी साडेतीनशे बायोडेटा असेच असतात. तिला विचारलं, ‘तू कॉलेजची तीन वर्षं कॉलेजशिवाय काय केलंस?’ ‘काही नाही गं मावशी.’ थोडं खोदल्यावर कळलं की कॉलनीच्या गणपती मंडळाचं वर्गणीचं काम दोन वर्षं तिच्याकडे होतं. पावती पुस्तकं वाटायची, रोख आणि यूपीआय वेगळं लिहायचं, विसर्जनानंतर हिशेब काकांपुढे मांडायचा. एका वर्षी साडेसातशे रुपयांचा फरक निघाला. तो शोधायला ती रात्री दीडपर्यंत बसली, आणि एक पावती दोनदा चढवल्याचं तिनेच पकडलं.

‘टीम प्लेअर’ वगैरे खोडून आम्ही लिहिलं: ‘गणेशोत्सव मंडळ, वर्गणी हिशेब, २ वर्षं. सुमारे ६०० पावत्यांची एक्सेलमध्ये नोंद, रोख आणि यूपीआय यांचा ताळमेळ, वार्षिक हिशेब ऑडिटसाठी तयार केला.’ अकाउंट्सच्या जागेसाठी यापेक्षा चांगली ओळ फ्रेशरकडे क्वचित असते. मुलाखतीत तिला साडेसातशे रुपयांबद्दलच दहा मिनिटं विचारलं.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. शिकवण्या, वडिलांच्या दुकानाची जीएसटीची बिलं, आईच्या पोळी-भाजी केंद्राच्या ऑर्डरी, एनएसएसचं शिबिर, दिवाळीत मॉलमध्ये केलेली महिनाभराची नोकरी. आकडा, कालावधी आणि तुम्ही स्वतः काय केलं, एवढं लिहा. मात्र न केलेलं काम लिहू नका. एक उपप्रश्न आला की ते उघडं पडतं.

बाकीचं भराभर सांगते. पीडीएफ पाठवा. राहण्याच्या ठिकाणाचं स्टेशन लिहा, पूर्ण पत्ता नको. धर्म, वडिलांचा व्यवसाय, ‘मी घोषित करतो की’ हे सगळं काढा. ‘कूलबॉय’ छापाचा ईमेल पत्ता असेल तर नवा काढा.

पायरी ४: एकच कौशल्य, पण दाखवता येईल असं

सहा ऑनलाइन प्रमाणपत्रं जोडणाऱ्यांपेक्षा, समोर लॅपटॉप सरकवल्यावर पिव्हट टेबल करून दाखवणारी मुलगी पुढे जाते. बहुतेक बॅक ऑफिसला एक्सेल पुरतं: व्हीलुकअप, पिव्हट, फिल्टर, दोन याद्या ताडून पाहणं. पैसे घालवायची गरज नाही. पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतही फुकट आहेत. कॅल्क आलं की एक्सेल अवघड जात नाही. अकाउंट्ससाठी टॅली आणि जीएसटी. ब्रोकिंग किंवा म्युच्युअल फंडाकडे जायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची एखादी परीक्षा देऊन ठेवा. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, काही कामांसाठी ती सक्तीचीच केली आहे, त्यामुळे तुम्ही ती आधीच पास असाल तर कंपनीचा वेळ वाचतो.

पन्नास-साठ हजार फी घेऊन ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देणारे क्लास स्टेशनबाहेरच्या प्रत्येक खांबावर आहेत. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या दोन मुलांशी बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बोलू देत नसतील तर तेच उत्तर समजा.

पायरी ५: शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप)

‘सहा महिने अनुभव’ या अटीवर मला माहीत असलेला सगळ्यात सरळ उपाय हाच, आणि पदवीधर याला उगीच कमीपणाचं समजतात. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. आयटीआयवाल्यांपुरता तो आहे हा गैरसमज. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ या उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करून बँका, सार्वजनिक कंपन्या आणि खासगी कंपन्यांत वर्षभराची उमेदवारी मिळू शकते. पश्चिम विभागाचं हे काम बघणारं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ आपल्या शीवलाच आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं. बऱ्याच कंपन्या जास्त देतात. यात पीएफ कापला जात नाही, आणि वर्षानंतर नोकरीची हमीही नसते. पण हाती सरकारी प्रमाणपत्र असतं, आणि माझ्यासारखीला हवं असतं ते ‘एक वर्ष टिकला’ त्यात लिहिलेलं असतं.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आहे, वयाची अट १८ ते ३५. नोंदणी महास्वयंम पोर्टलवर. अर्ज करण्याआधी तुमच्या जिल्ह्यात जागा निघाल्या आहेत का ते तिथेच बघा. या मार्गाने सरकारी कार्यालयात लागलात तर तिथेच कायम होण्याची आस धरून बसू नका. महिना दहा हजारांत मुंबईत भागत नाही हे मलाही कळतं. घरी राहत असाल तरच हा रस्ता झेपतो.

बँकेच्या परीक्षा द्यायच्या तर जरूर द्या. लिपिक पदाला स्थानिक भाषा यावी लागते, आणि स्टेट बँकेत दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर मराठी असेल तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. पण किती प्रयत्न देणार हे आधीच घरच्यांसमोर ठरवा. अभ्यासिकेत चार वर्षं गेल्यावर आमच्याकडे आलेल्या हुशार मुलांना खुर्ची देताना मला वाईट वाटायचं, कारण तोवर त्यांच्या शेजारी बसणारा त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असायचा.

पायरी ६: अर्ज, फोन, मुलाखत

रोज पन्नास ठिकाणी बटण दाबण्यापेक्षा आठवड्याला पंधरा अर्ज नीट करा आणि ते वहीत लिहा: तारीख, कंपनी, जागा, कुणाशी बोललात. फोन आल्यावर ‘कोणती कंपनी? मी खूप ठिकाणी टाकलंय’ म्हणणाऱ्याला मी पुढे फारशी घेत नसे. पोर्टलवरचं प्रोफाइल दर दोन-तीन दिवसांनी थोडं बदलून सेव्ह करा, अलीकडे अद्ययावत झालेली नावं आम्हाला वर दिसतात. पोर्टलच्या जोडीला सीनियरना मेसेज करा. ‘काही असेल तर सांग’ असा मेसेज वाऱ्यावर जातो. ‘तुझ्या ऑफिसात बिलिंगची जागा निघाली आहे, माझा बायोडेटा तुझ्या एचआरला देशील का’ असं नेमकं विचारलं तर बहुतेक जण देतात. हा वशिला नव्हे. आमच्याकडे ओळखीतून आलेला माणूस जास्त टिकायचा, म्हणून आम्हीच ओळखी मागत असू.

अनोळखी नंबर उचला. लोकलमध्ये असाल तर ‘मॅडम, गाडीत आहे, वीस मिनिटांत मीच करतो’ म्हणा आणि खरंच करा. हे करणारे दहातले दोन.

मुलाखतीत बहुतेकांची गाडी पहिल्या प्रश्नाला अडते: ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. मराठी माध्यमाच्या मुलांना यात घाम फुटतो. चार वाक्यं इंग्रजीत तयार ठेवा: कोण, काय शिकलात, ती एक खरी ओळ, ही जागा का. पाठ करू नका, सात-आठ जणांना म्हणून दाखवा. आरशापेक्षा चुलत भाऊ बरा, तो हसतो. पुढे अडखळलात तर ‘हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ विचारा. परदेशी ग्राहकांचं कॉल सेंटर सोडलं तर बहुतेक ठिकाणी चालतं.

मग हमखास येणारा प्रश्न: ‘इतक्या लांबून येणं जमेल?’ ‘हो हो, जमेल’ हे उत्तर मी हजारदा ऐकलंय. एक मुलगा बदलापूरहून आला होता. म्हणाला, ‘काल याच वेळेला येऊन पाहिलं मॅडम. घाटकोपरला उतरून, तिथून मेट्रो पकडून दोन तास लागले. परतताना जास्त लागतील. सहा महिन्यांनी इकडे खोली बघायचा विचार आहे, दोन मित्र मरोळला आहेत.’ त्याला मी त्याच दिवशी हो म्हटलं. बदलापूर लांबच आहे, पण त्याने ते मोजलं होतं.

पायरी ७: पैसे मागितले की उठा

एका सोमवारी रिसेप्शनवरून फोन आला, ‘मॅडम, एक मुलगा जॉइन व्हायला आलाय.’ त्या दिवशी कुणीच यायचं नव्हतं. खाली गेले तर नालासोपाऱ्याचा मुलगा, नवा शर्ट, हातात डबा. आमच्या लेटरहेडवरचं नेमणूकपत्र, लोगो थोडा ताणलेला. ‘लॅपटॉप डिपॉझिट’ म्हणून त्याने साडेसहा हजार भरले होते. ‘पण फोनवरचे सर तुमचंच नाव सांगत होते,’ तो म्हणत राहिला. माझं नाव त्या भामट्याने नेटवरूनच उचललं असणार. त्याला चहा पाजला, तक्रार करायला लावली. साडेसहा हजार काही परत आले नाहीत.

तेव्हा नियम एकच. नोंदणी, आयडी कार्ड, ट्रेनिंग, डिपॉझिट, कशाहीसाठी पैसे मागितले की निघा. खरी कन्सल्टन्सी आपली फी कंपनीकडून घेते, साधारण तुमच्या एका पगाराइतकी. पत्र आलं तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे विचारा, पत्रावरच्या नंबरवर नव्हे. टेलिग्रामवर ‘हॉटेलला रेटिंग द्या, रोज दोन हजार कमवा’ ही नोकरी नसते. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका, बघून परत घ्या. कोरा सही केलेला चेक तर नाहीच नाही.

पायरी ८: ऑफर लेटर वाचताना

‘तीन लाखांचं पॅकेज’ ऐकून घरी पेढे वाटले जातात. ते मोजून बघू. महिन्याला झाले २५,०००. मूळ वेतन निम्मं धरलं तर १२,५००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,५००, आणि ग्रॅच्युइटीची साधारण ६०० ची तरतूद, दोन्ही याच पॅकेजात धरतात. उरले २२,९००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात सुमारे २१,२००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात. महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, तेव्हा तुमच्या पगारपत्रकात दिसला तर विचारा. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) पाऊण टक्का कापले जातात आणि तुम्हाला व घरच्यांना उपचार मिळतात. ते कार्ड कपाटात टाकून देऊ नका.

आणखी एक गोष्ट विचाराच: ‘मी कुणाच्या पेरोलवर?’ बँकेच्या नावाचं आयडी गळ्यात, पण पगार देणारी तिसरीच मनुष्यबळ कंपनी, याला ऑफ-रोल म्हणतात. त्यात बेकायदा काही नाही आणि पहिली नोकरी म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त बायोडेटात बँकेचं नाव लिहाल आणि पडताळणीत बँक ‘आमचा नाही’ म्हणेल, तेव्हा अडकाल. पेरोल कंपनीचं नाव आणि ‘अमुक बँकेत नियुक्त’ असं लिहायचं.

बाँड असेल तर किती महिने, मोडला तर किती रक्कम, प्रोबेशनमध्ये नोटीस किती, हे पत्रात आहे का बघा. तोंडी शब्दावर रुजू होऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

रुजू झाल्यावर यूएएन चालू करा. पहिल्या महिन्याची पगारपत्रकाची पीडीएफ ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा, कारण पुढची कंपनी तीच मागते. आणि रेल्वेचा पास पहिल्यांदा एकाच महिन्याचा काढा. त्या महिन्यात कुठली गाडी सापडते, कुठे बदलावं लागतं, रात्री किती वाजता घरी टेकता हे कळेल, मग तीन महिन्यांचा घ्या.